नव्या गाडीचे रंगरूप कसे राखावे?

नवी मोटार दारात उभी राहिली म्हणजे घरात नवे माणूस आल्यासारखे वाटते. आजी औक्षण करते, सूनबाई कुंकवाचे स्वस्तिक काढते, मुले आळीपाळीने हॉर्न वाजवून पाहतात आणि शेजारी कुंपणापाशी येऊन किंमत विचारतात. ही गोष्ट व्हाकोआत घडो, कास्कावेलला घडो की लंडनजवळच्या पिनरमध्ये, आपल्या माणसांच्या घरी ती थोड्याफार फरकाने अशीच घडते. खरा फरक पडतो तो पुढच्या महिन्यांत. आपल्या बेटावर मोटारीचे वैरी दोन : समुद्राचा वारा आणि डोक्यावरचे ऊन. पिनरमध्ये दोन्ही सौम्य. तेथले वैरी वेगळे, आणि त्यांतले काही झाडावरून येतात, काही नळातून आणि काही थेट रस्त्यावरून.

यामुळे फोनवर मोठा घोटाळा होतो. तिकडून मुलगा विचारतो, "बाबा, गाडी विकणारा म्हणतो आणखी तीन-चारशे पौंड भरा, रंगाला कायमचे संरक्षण देतो. देऊ का?" इकडून वडील सांगतात, "छे! आठवड्याला पाणी मार आणि डॅशबोर्डला खोबरेल तेलाचा हात फिरव." दोघांच्याही बोलण्यात थोडे खरे आहे आणि थोडे चुकीचे. आमचे आजचे लिखाण मुख्यतः या फोनसाठी आहे. तिकडे मुले-नातवंडे असलेल्या वाचकांना ते उपयोगी पडेलच; पण येथे नवी मोटार घेणाऱ्यांनाही त्यातून काही घेता येईल.

पिनरची मोटार बाहेरच का उभी असते?

पिनर हे लंडनच्या वायव्येला, हॅरो बरोमधले उपनगर. १८८५ साली मेट्रोपोलिटन रेल्वेचे स्टेशन येथे झाले, आणि पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शेतांच्या जागी जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या घरांना लागून बांधलेली गॅरेजे त्या काळच्या मोटारींच्या मापाची. त्या वेळची लोकप्रिय ऑस्टिन सेव्हन सुमारे ११७ सेंटिमीटर रुंद होती. आजची साधी कुटुंबाची गाडी बाजूचे आरसे सोडूनही १८० सेंटिमीटरच्या आसपास जाते. गाडी आत गेली तरी दार उघडून माणूस बाहेर यायचा कसा? म्हणून गॅरेजात सायकली, फ्रीझर आणि तांदळाच्या पिशव्या राहतात, आणि कित्येक हजार पौंडांची गाडी बारा महिने बाहेर, झाडाखाली.

त्यातून अलीकडे पुष्कळ घरांना गाडी बदलावी लागली. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचा कमी धुराचा पट्टा, ज्याला तेथे 'युलेझ' म्हणतात, सर्व बरोंना लागू झाला. जी गाडी त्या कसोटीला उतरत नाही तिला ज्या दिवशी चालवाल त्या दिवसाचे १२.५० पौंड भरावे लागतात. साधारणपणे २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्या आणि सप्टेंबर २०१५ नंतरच्या डिझेल गाड्या या कसोटीतून सुटतात. तेव्हा जुनी डिझेल गाडी अजून दहा वर्षे चालवू म्हणणाऱ्या काटकसरी गृहस्थांनाही शोरूमची पायरी चढावी लागली.

गाडी घेण्याचा महिनाही तेथे बराचसा ठरलेला. इंग्लंडात नंबरप्लेटवरचे वर्षदर्शक आकडे १ मार्च आणि १ सप्टेंबर अशा दोन दिवशी बदलतात. ही पद्धत १९९९ पासून वर्षातून दोनदा झाली. नवा आकडा हवा म्हणून लोक या दोन महिन्यांत गर्दी करतात. आपल्या मंडळींना हे सोयीचेच आहे, कारण मार्चमागून गुढीपाडवा येतो आणि सप्टेंबरमागून दसरा. मात्र रंगाच्या दृष्टीने या दोन मुहूर्तांत फरक आहे. पाडव्याची गाडी वसंतातल्या झाडांखाली जन्माला येते, तर दसऱ्याची गाडी महिन्याभरातच मिठाच्या रस्त्यावर उतरते.

रंग म्हणजे केवढा?

आपण ज्याला रंग म्हणतो ते एक पूड नव्हे, एकावर एक चढवलेले थर असतात. आत पोलादी पत्रा, बहुतेक गाड्यांत जस्त चढवलेला. त्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग खरा रंग, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक लॅकर. हे सर्व थर मिळून जाडी भरते सुमारे १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर अख्खा रंग दोन केसांएवढा. त्यातला वरचा लॅकर ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे एका केसाहूनही पातळ. चकाकी त्याच्यात, आणि सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्येही मुख्यतः त्याच्यातच.

हे एवढ्यासाठी सांगितले की पॉलिश करणे म्हणजे काय, ते ध्यानात यावे. ज्या पॉलिशमध्ये बारीक खरखरीत कण असतात ते ओरखडा भरून काढत नाही. ओरखड्याभोवतीचा लॅकर झिजवून त्याच्या पातळीला आणते. चांदीची भांडी घासली की झिजतात, तसेच हे. नवी गाडी दर दोन महिन्यांनी पॉलिश करणारा माणूस गाडीवर प्रेम करत असतो, पण तिचे कवच आपल्या हाताने पातळ करत असतो. मेण लावणे वेगळे. मेण झिजवत नाही, वर बसते.

एक जुना समज येथेच दूर करू. "नव्या गाडीचा रंग ओला असतो, सहा महिने मेण लावू नये," असे म्हणतात. कारखान्यात नव्या बॉडीचा रंग सुमारे १४० अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, तेव्हा पहिल्या दिवशी मेण लावले तरी चालते. थांबायचे ते अपघातानंतर दुकानात पुन्हा रंगवलेल्या भागासाठी. त्याला एवढी उष्णता दिलेली नसते. तेथे रंगवणाऱ्याने सांगितलेले आठवडे पाळावेत.

वैरी ओळखा

पहिला वैरी पक्षी. पक्ष्यांच्या विष्ठेत आम्ल असते म्हणून रंग खातो, अशी आपली समजूत. त्याहून महत्त्वाचे कारण वेगळेच आहे. उन्हाने लॅकर तापून किंचित मऊ होतो आणि फुगतो. रात्री गार होऊन आकसताना वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत पृष्ठाचा ठसा घेऊन घट्ट होतो. ती जागा मग निस्तेज दिसते. म्हणून विष्ठा दिसल्याबरोबर काढावी, पण कोरडी खरवडू नये. ओला कपडा पाच-दहा मिनिटे तिच्यावर ठेवावा, मऊ होऊ द्यावी, मग उचलून घ्यावी. गाडीत पाण्याची लहान बाटली आणि दोन मऊ फडकी असली की काम झाले. आपल्या बेटावर ऊन कडक असल्याने ही घाई पिनरपेक्षा अधिक करायला हवी.

दुसरा वैरी झाडे. लंडनच्या उपनगरांत रस्त्याकडेला लाईम नावाची झाडे पुष्कळ. आपले लिंबू नव्हे. हा एक मोठा पानझडी वृक्ष. मे महिन्यापासून त्याच्या पानांवर मावा पडतो आणि माव्याच्या अंगातून गोड चिकट रस खाली ठिबकतो. सकाळी पाहावे तर गाडीवर साखरेच्या पाकाचा शिडकावा. तो तसाच राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते. कोमट पाण्याने आठवड्याच्या आत धुतला तर सहज जातो. याच दिवसांत, मेअखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी, पिनरची जत्रा भरते. १३३६ साली राजा तिसरा एडवर्ड याने दिलेल्या सनदेने चालत आलेली ही जत्रा हाय स्ट्रीटवरच भरते. त्या दिवशी तेथल्या गाड्या गल्लीबोळांत, मिळेल त्या झाडाखाली आणि एकमेकींना खेटून उभ्या कराव्या लागतात. ज्याची गाडी नवी, त्याने त्या दिवशी लांब उभी करून चालत यावे, हे बरे.

तिसरा वैरी नळाचे पाणी. या भागातले पाणी जड, चुन्याचे. तेथल्या घरांत चहाच्या किटलीला आतून पांढरा थर धरतो, तोच गाडीवर धरतो. धुऊन उन्हात वाळायला सोडलेल्या गाडीवर दुसऱ्या दिवशी पांढरे गोल ठिपके दिसतात. म्हणून पिनरमध्ये गाडी धुण्यापेक्षाही पुसून कोरडी करणे महत्त्वाचे.

चौथा वैरी धूळ. सहारा वाळवंटातली धूळ वाऱ्याबरोबर इंग्लंडपर्यंत जाते आणि पावसाबरोबर खाली येते. २०१४ च्या वसंतात आणि पुन्हा मार्च २०२२ मध्ये लोकांना सकाळी गाड्यांवर तांबूस थर दिसला. असा थर कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे गाडीला वाळूने घासणे. मुंबईच्या इमारतींतून सकाळी एकाच फडक्याने दहा गाड्या पुसणारे लोक असतात. तेथल्या गाड्यांवर रस्त्यावरच्या दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, ते याच कारणाने. ऊस जळल्यावर आपल्या बेटावर जी काळी राख उडते तिलाही हाच नियम लावावा. आधी पाणी, मग हात.

पाचवा वैरी आगगाडी. मेट्रोपोलिटन लाईनजवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर, विशेषतः पांढऱ्या गाडीवर, नारिंगी टिंब दिसतात. लोक घाबरतात की नवी गाडी गंजली. गंजतात ते रूळ आणि ब्रेक यांतून उडालेले लोखंडाचे बारीक कण. गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमधूनही ते उडतात. लोह विरघळवणारे द्रावण बाजारात मिळते; ते फवारल्यावर जांभळे होते, मग भरपूर पाण्याने धुवावे. नखाने खरवडू नये.

सहावा वैरी मोठा, तो म्हणजे मीठ. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, रस्त्याचे तापमान गोठणबिंदूखाली जाण्याचा अंदाज असला की बरोची वाहने रस्त्यावर खडेमीठ टाकतात. चेशर परगण्यातल्या विन्सफर्डच्या खाणीतून असे मीठ १८४४ पासून निघते; मातीमुळे ते तांबूस दिसते. या मिठाने वरचा चांगला रंग फारसा बिघडत नाही. जेथे खडी उडून रंगाचा टवका गेला आहे तेथे, आणि गाडीच्या पोटाखाली, ते पत्र्याला धरते. बेटावर मीठ वाऱ्यातून येते आणि वरून बसते. पिनरला ते चाकांनी उडवून खालून बसते. म्हणून फ्लिक-आं-फ्लाकच्या गाडीचे टप, बिजागऱ्या आणि दारांच्या कडा धुवाव्यात, तर पिनरच्या गाडीची चाकांची कमान आणि पोट. हिवाळ्यात थंडी ओसरलेला दिवस पाहून दोन आठवड्यांतून एकदा खालून पाण्याचा जोर द्यावा. मिठाने ओली गाडी उबदार गॅरेजात ठेवू नये, उबेत गंज अधिक वेगाने चढतो.

आजच्या गाड्या या बाबतीत पूर्वीपेक्षा पुष्कळ बऱ्या आहेत, हेही सांगायला हवे. १९७० च्या दशकातल्या गाड्या इंग्लंडच्या मिठात चार-पाच वर्षांत चाळणी होत. १९८० साली गंजामुळे लान्चिया कंपनीला ब्रिटनमधल्या काही बीटा गाड्या ग्राहकांकडून परत घ्याव्या लागल्या होत्या, आणि त्या नावाची तेथली पत पुढे फिरून आली नाही. मग जस्त चढवलेले पत्रे रुळले. १९८६ च्या ऑडी ८० ची तर सबंध बॉडी जस्त चढवलेली होती. जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. तेव्हा आपले काम जस्ताच्या वरचे थर शाबूत ठेवण्याचे. टवका उडाला की आठवड्याच्या आत रंगाच्या लहान बाटलीने तो बिंदू झाकावा. रंगाचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर असतो.

धुण्याची रीत

साधने थोडी : दोन बादल्या, मोटारीचा शॅम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा आणि एक मोठा मऊ टॉवेल. भांड्यांचा साबण नको. तो मेण धुऊन नेतो. आधी सावलीत गाडी गार होऊ द्यावी. नुसत्या पाण्याने धूळ व वाळू वाहून जाऊ द्यावी. मग एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधे पाणी घ्यावे. मोजा शॅम्पूत बुडवून टपापासून सुरुवात करावी, एक भाग धुतला की मोजा साध्या पाण्यात पिळून माती तेथे सोडावी, आणि पुन्हा शॅम्पूकडे जावे. खालचे भाग शेवटी, चाके त्याहून शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. हात सरळ फिरवावा, गोल नको. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. शेवटी टॉवेल घासू नये. टेकवून पाणी टिपून घ्यावे.

पाण्याच्या बाबतीत दोन गोष्टी. एप्रिल २०१२ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण व पूर्व भागातल्या सात पाणी कंपन्यांनी होजपाइपवर बंदी घातली होती. अशा वेळी पाइपने गाडी धुणे गुन्हा ठरते, पण बादलीला मनाई नसते. दोन बादल्यांची रीत अंगवळणी असली म्हणजे दुष्काळातही अडत नाही. दुसरी गोष्ट, बाहेरच्या लंडनमध्ये रस्त्यावरच्या गटाराचे पाणी बहुधा शुद्धीकरणाला न जाता थेट ओढ्या-नदीला मिळते. पिनरचे पाणी पिन नदीला जाते. म्हणून उरलेला शॅम्पू गटारात ओतू नये. घरातल्या मोरीत ओतावा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, हाताने गाडी धुणारी दुकाने कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. आहेत खरी, आणि काही चांगलीही आहेत. पण घाईच्या दुकानांत तीव्र रसायने वापरतात, आणि आधीच्या गाडीचा चिखल त्याच मोज्यात असतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अशा दुकानांतले सांडपाणी आणि तेथे राबणाऱ्यांची पिळवणूक यांवर २०१८ साली ब्रिटिश संसदेच्या पर्यावरण समितीने स्वतंत्र अहवाल दिला होता. फारच स्वस्तात धुऊन मिळत असेल तर उरलेली किंमत कोण मोजतो, ते आपण ओळखावे.

तीन-चारशे पौंडांचा प्रश्न

आता विक्रेत्याच्या त्या संरक्षणाकडे येऊ. पिनरमध्ये १९१० च्या दशकात हीथ रॉबिन्सन नावाचा चित्रकार राहत असे. साध्या कामासाठी दोऱ्या, कप्प्या, चाके जोडलेली अजस्र यंत्रे काढण्यासाठी तो प्रसिद्ध होता. पिनर मेमोरियल पार्कमध्ये २०१६ पासून त्याचे संग्रहालय आहे. गाडीच्या रंगावर आज जी नावे विकली जातात ती ऐकली की त्याची चित्रे आठवतात. तेव्हा नावे बाजूला ठेवून वस्तू पाहू.

मेण : कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण. पाणी ओघळून जाते, चकाकी येते, टिकते काही आठवडे ते दोन-तीन महिने. कृत्रिम सीलंट : तेच काम थोडे अधिक काळ. सिरॅमिक लेप : सिलिकावर आधारलेला, रंगावर घट्ट बसणारा, एक-दोन मायक्रॉनचा थर. नीट बसवला तर काही वर्षे टिकतो आणि धुणे सोपे करतो. पण एक-दोन मायक्रॉनचा थर उडत्या खडीला अडवील कसा? '९ एच' असा जो कठीणपणा सांगतात तो पेन्सिलींच्या कसोटीवरचा आहे, रत्नांच्या नव्हे. चौथी वस्तू पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन जाड. हिचा उगम व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन हेलिकॉप्टरांत. पंख्याची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून असा पट्टा लावत. खडीला अडवणारी वस्तू या चौघांत ही एकच, आणि सर्वांत महागही हीच. मोटारवेवर रोज जाणाऱ्याने बॉनेटच्या पुढच्या भागापुरती लावली तर पैसे सत्कारणी लागतात.

विक्रेता गाडीबरोबर देतो ते बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जातीचे असते. ते खोटे असते असे नाही, पण त्याच जातीची बाटली दुकानात पुष्कळ कमी किमतीला मिळते आणि शनिवारच्या दुपारी घरी लावता येते. जास्तीचे पैसे मुख्यतः 'गॅरंटी'चे. म्हणून सही करण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. लेप कोण लावणार आणि त्याला किती वेळ देणार? गॅरंटीत नेमके काय येते, आणि पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, खडीचे टवके वगळले आहेत काय? दर वर्षी पैसे भरून तपासणी करून घ्यावी लागते काय? नुकसान झाले तर पैसे मिळतील की नुसता लेप पुन्हा लावून देतील? उत्तरे ऐकून पुष्कळदा आपोआप निर्णय होतो. गाडी हप्त्यावर असेल तर ही रक्कम कर्जात मिळवू देऊ नये, नाहीतर मेणावर व्याज भराल. एक फुकटची सूचना त्याहून मोलाची : गाडी ताब्यात घेण्याआधी "आम्हाला धुऊन देऊ नका" असे सांगावे. घाईत मारलेला पहिला हात कित्येकदा पहिले ओरखडे देतो.

हप्त्याच्या गाडीला आणखी एक पैलू आहे. तेथे ज्याला पीसीपी म्हणतात त्या प्रकारात तीन-चार वर्षांनी गाडी परत करण्याची मुभा असते. परत करताना साधी झीज चालते, तिच्यापलीकडचे नुकसान भरून द्यावे लागते. भाड्याच्या गाड्यांसाठी तेथल्या व्यवसाय संघटनेची जी मार्गदर्शिका आहे तिच्यात, प्रायमर किंवा पत्रा उघडा पडला नसेल आणि पॉलिशने जाणार असेल तर २५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा साधी झीज धरतात. आपल्या करारातले माप पहिल्याच दिवशी वाचावे, आणि गाडीचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवावेत.

आतला भाग

बाहेरच्या बाजूला आळस नडतो. आत मात्र अतिकाळजी नडते. आपली पहिली सवय, सीटवरचे कारखान्याचे प्लॅस्टिक न काढणे. त्याखाली दमट हवा कोंडते आणि क्युरपिपच्या पावसात काय, पिनरच्या हिवाळ्यात काय, बुरशीचा वास धरतो. दुसरी सवय, बाजारातून जाड कव्हरे आणून सीटवर चढवणे. येथे प्रश्न रंगरूपाचा राहत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेत शिवलेली असते. सीटच्या कडेला तसे लेबल असते. घट्ट कव्हर तिच्यावर आले तर धक्क्याच्या क्षणी ती उघडण्यात अडथळा येतो. कव्हर हवेच असेल तर त्या गाडीच्या त्या सीटसाठी, एअरबॅगची जागा मोकळी सोडून केलेलेच घ्यावे.

तिसरी सवय श्रद्धेची आहे, म्हणून जपून सांगतो. डॅशबोर्डवर गणपती बसवल्याशिवाय आपली गाडी निघत नाही. पण पुढच्या प्रवाशासमोरचे ते झाकण एअरबॅगचे असते आणि ती क्षणाच्या लहानशा अंशात फुटून बाहेर येते. तिच्यावर चिकटवलेली धातूची किंवा दगडी मूर्ती समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे उडेल. विघ्नहर्त्याला एअरबॅगच्या झाकणापासून दूर, मधल्या भागात, हलक्या आणि लहान रूपात बसवावे. त्याने डॅशबोर्डवर गोंदाचा डागही पडत नाही. पायाखालच्या गालिच्यांचेही असेच. गाडीच्या मूळ चटईवर दुसरी रबरी चटई टाकू नये. ती सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकते. याच कारणाने २००९ साली टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चटया काढून ठेवण्यास सांगितले होते.

पूजेचे थोडेसे. हळदीचा डाग सीटवर पडला तर साबण लावू नये. साबणाच्या क्षाराने हळद लाल होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. साध्या थंड पाण्याने टिपावा आणि गाडी उन्हात उभी करावी. हळदीचा रंग उन्हाने उडतो. कुंकवाचे स्वस्तिक रंगाऐवजी काचेवर काढावे, त्याच दिवशी पाण्याने धुवावे, कोरडे चोळू नये. झेंडूचा हार तारेने न बांधता सुताने बांधावा. नारळ बंपरपासून दोन पावले दूर फोडावा. उदबत्ती गाडीत नको, बाहेरच ओवाळावी. गणेशचतुर्थीला मूर्ती आणताना, किंवा डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जेवणाचे डबे नेताना, मागे जुनी चादर अंथरावी. तुपाचा डाग कापडात एकदा मुरला की पाण्याने जात नाही.

चामड्याच्या सीटना तेल पाजू नये. आजच्या बहुतेक चामड्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, तेल आत जातच नाही. वर राहून धूळ धरते. ओल्या फडक्याने पुसणे पुरे. नव्या जीन्सचा निळा रंग फिक्या सीटला लागतो, तो त्याच आठवड्यात पुसावा. डॅशबोर्डला खोबरेल किंवा चकाकीचे तेल लावले तर त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात समोरचा माणूस दिसत नाही. उन्हासाठी काचेमागे पुठ्ठ्याचा किंवा चांदीच्या कागदाचा पडदा उत्तम. पुढची काच बरेच अतिनील किरण अडवते, बाजूच्या काचा तितके अडवत नाहीत. बेटावर म्हणून काळी फिल्म लावण्याची हौस असते. इंग्लंडात मात्र पुढच्या काचेतून किमान ७५ टक्के आणि पुढच्या बाजूच्या काचांतून ७० टक्के प्रकाश आलाच पाहिजे, असा कायदा आहे.

हिवाळ्यात काचांना आतून दव धरते. त्यावर उपाय एअरकंडिशनर. तो थंडीतही हवेतला ओलावा काढतो. ओल्या चटया आणि छत्र्या रात्री गाडीत ठेवू नयेत. दूध सांडले तर मात्र सर्व कामे सोडून उठावे, थंड पाण्याने टिपावे आणि विकर असलेले क्लीनर वापरावे. आज केले नाही तर उन्हाळ्यात त्या गाडीत कोणी बसणार नाही.

वर्षाचा हिशेब

पिनरच्या गाडीचे वर्ष असे धरावे. पाडव्याला मिठाचा शेवटचा थर खालून धुऊन काढावा आणि मेण लावावे. मे ते ऑगस्ट झाडांकडे लक्ष ठेवावे, आठवड्याला एक धुणे. दसऱ्याला, आपण शस्त्रे-अवजारे पुजतो तेव्हा, टवके शोधून झाकावे आणि हिवाळ्यापूर्वी पुन्हा मेणाचा हात द्यावा. पुढे थंडीत पोट धुत राहावे, आणि बर्फ काढताना झाडू न वापरता मऊ ब्रश वापरावा. एवढ्यासाठी लागणारा खर्च दोन बादल्या, दोन बाटल्या आणि महिन्याचे दोन-तीन तास. बेटावरच्या वाचकांनी यातून मीठ-बर्फ वगळावे आणि ऊन-वारा दुप्पट धरावा.

तेव्हा पुढच्या वेळी तिकडून फोन आला आणि ते तीन-चारशे पौंड द्यावेत की नाही असे विचारले, तर आधी उलट विचारावे : गाडी उभी कोठे राहणार? झाडाखाली की उघड्यावर, रुळांजवळ की मोटारवेच्या वाटेवर? आणि रविवारी सकाळी दोन बादल्या घेऊन बाहेर येणारे कोणी घरात आहे का? असेल, तर ते पैसे पुढच्या विम्यासाठी बाजूला ठेवावेत. नसेल, तर घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला बादली द्यावी. पाण्यात खेळायला ते तयारच असते, आणि गाडीशी त्याचा जीव जडतो तो निराळाच.